राजाचा पैलवान

बिराप्पाची पाठ मातीला टेकलेली कुणी बघितली नाही, असं रहिमतपुरात लोक छातीठोकपणे सांगत. सांगणाऱ्यांतले निम्मे कधी मैदानाकडे फिरकलेही नसतील, पण गोष्ट खरी होती. कुंडलच्या मैदानात त्याने आपल्याहून मणभर जड गड्याला आस्मान दाखवलं होतं, आणि त्या दिवसापासून गावातली म्हातारी माणसंसुद्धा त्याला वाट देऊ लागली होती.

तसा तो इथला नव्हे. माणदेशातल्या धनगराचा पोरगा. बाप दरवर्षी मेंढरं घेऊन रहिमतपूरच्या शिवारात उतरायचा आणि शेतकरी खतासाठी ती आपापल्या रानात बसवून घ्यायचे. अशाच एका वर्षी बाप तालमीच्या दारात आला. हे पोरगं तिघांचं खातंय आणि मेंढरं उचलून फेकतंय, आता तुम्हीच बघा याचं काय करायचं ते, असं म्हणून त्याने बारा वर्षांचा बिराप्पा आकाराम वस्तादांच्या हवाली केला आणि कळपामागं निघून गेला. वस्तादांनी पोराला आधी पोटभर भाकरी घातली आणि मग मातीत उतरवला. तेव्हापासून चौदा वर्षं बिराप्पाचं घर म्हणजे तालीम.

आकाराम वस्ताद मूळचे कुंडलकडचे. बोलायला मोजके आणि हाताला जड, आणि चालताना डावा गुडघा कट्ट वाजायचा. गडी हरला तर ते रागवायचे नाहीत, उलट स्वतः पाठीला तेल चोळायचे. एका गोष्टीला मात्र त्यांच्याकडे माफी नव्हती, आणि ती म्हणजे नुरा कुस्ती, आधी ठरवून केलेली, लोकांना फसवणारी. तालमीतल्या एका चांगल्या तयारीच्या गड्याने साताऱ्याकडच्या एका मैदानात नुरा केल्याचं त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी त्याचा लंगोट काठीच्या टोकाने उचलून रस्त्यावर टाकला. तो गडी पुन्हा त्या गल्लीतूनसुद्धा गेला नाही. हे बिराप्पाने डोळ्यांनी बघितलं होतं.

चौसष्ट साल लागलं आणि जोतीराम गुरुजींच्या डोक्यात नाटक शिरलं. गुरुजी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. ज्या इंग्रज नाटककारावर त्यांचा जीव होता त्याच्या जन्माला त्या वर्षी चारशे वर्षं होत होती. त्याचं एक प्रेमाचं, हसरं नाटक त्यांनी मराठीत आणलं होतं. राज्य बळकावलेला भाऊ, रानात हाकललेला थोरला राजा, आणि त्या राजाची मुलगी. ती पुरुषाचा वेश घेऊन रानात हिंडते आणि ज्याच्यावर तिचं मन बसलंय त्यालाच, आपण कोण ते न सांगता, प्रेम कसं करावं ते शिकवते. गावातल्या हौशी मंडळींना ऐतिहासिक नाटकांची सवय. तलवारी नाहीत म्हटल्यावर ती हिरमुसली. मग गुरुजींनी हळूच सांगितलं की तलवारी नाहीत, पण कुस्ती आहे.

बिराप्पाला बोलावणं आलं ते असं. दुष्ट राजाच्या पदरी एक पैलवान असतो, तो त्याने व्हायचं. वाक्यं तीनच, आणि मग कुस्ती. बिराप्पा हरखला. स्टेजवर कुस्ती होणार म्हणजे ती आपण मारणार, यापलीकडे त्याच्या मनात काही येण्याचं कारणच नव्हतं. त्यातून त्या काळी नाटकाचं पुस्तक कुणाच्या हातात पडायचं नाही. गुरुजी ज्याची त्याची नक्कल लिहून द्यायचे, म्हणजे आपली वाक्यं आणि त्याआधीचे समोरच्याचे दोन-चार शब्द, बस्स. बिराप्पाच्या नकलेत तिसऱ्या वाक्याखाली एकच शब्द होता, कुस्ती. त्याखाली कोरा कागद. हरलेल्याला पुढे बोलायचं काहीच नसतं, त्यामुळे गुरुजींना लिहायचीही गरज पडली नव्हती.

बिराप्पाने तालमीत सांगितलं आणि तालीम खूश झाली. वस्तादांनी तर स्टेजवर पसरायला कुस्तीच्या हौद्यातली, तेल-ताक पिऊन मुरलेली लाल माती चार पाट्या काढून दिली. ही माती बाहेर देताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुरकुर केली नाही. दवंडीवाल्याने आपल्या अकलेने भर घातली आणि पंचक्रोशीत ओरडून आला की भाऊबीजेला दुपारी तीन वाजता बिराप्पा पैलवानाची निकाली कुस्ती, सोबत नाटक.

दुपारी का, तर गुरुजींचा हट्ट. ज्या देशातलं हे नाटक तिथं ते पहिल्यांदा उघड्या आभाळाखाली दुपारीच व्हायचं, आणि बायकांची कामंही मिसरूड न फुटलेली पोरं करायची. हे ऐकून नाथाजी हसले. सत्तरीला आलेले नाथाजी नाटकाच्या तालमींना येऊन कोपऱ्यात बसायचे आणि प्रयोगाला विंगेतून वाक्यं सुचवायचे. तरुणपणी सांगलीकडच्या एका कंपनीत याच नाटकाचं जुनं, गाण्यांचं रूप व्हायचं आणि राजकन्या व्हायचे ते स्वतः. पोरगा मी, झालो पोरगी, ती पोरगी झाली पोरगा, आणि तो पोरगा परत पोरगीचं सोंग घेणार, सांगता सांगता नाथाजींची बोटं आपोआप पदर सावरायला जायची.

या वेळी मात्र राजकन्या बाईच होणार होती. मुलींच्या शाळेतल्या आक्काताई. वडील कोरेगावकडचे, छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. गावात बाई नाटकात उतरणार हेच पुष्कळांना झोंबलं होतं. त्यात ती बौद्धाची, त्यात राजकन्या, त्यात पुरुषाच्या वेशात. उघड कुणी बोलत नव्हतं, पण शाळेच्या चालकांपैकी एकाने त्यांना बोलावून शांतपणे सांगितलं होतं की प्रयोगात काही गडबड झाली तर त्यांनी दुसरी शाळा बघावी. आक्काताईंनी मान हलवली आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीला त्या वेळेवर हजर झाल्या.

बिराप्पाला वाचायला जमायचं, पण अक्षरं त्याच्यापुढे मेंढरांसारखी पांगायची. त्यामुळे त्याची तीन वाक्यं आक्काताईच म्हणून घ्यायच्या. मोबदल्यात त्याने त्यांना पुरुषासारखं चालायला शिकवलं. नाटकातल्या मेंढपाळाच्या अंगावर इस्त्रीचं धोतर बघून तो एकदा मोठ्याने हसला होता आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं घोंगडं आणि काठी आणून देऊन गेला होता. त्याला नाटक आवडू लागलं होतं. कुस्तीची तालीम तेवढी होत नव्हती. ती शेवटी बसवू, असं गुरुजी म्हणत आणि विषय बदलत.

प्रयोगाला आठ दिवस उरले तेव्हा आक्काताईंना राहवेना. तालीम संपल्यावर त्यांनी बिराप्पाला थांबवलं.

"पैलवान, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? या कुस्तीत तुम्ही हरता."

बिराप्पा हसला. त्याला वाटलं बाई थट्टा करतायत. मग त्यांचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. कुणाकडून, असं त्याने विचारलं. आक्काताईंनी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. तिथं पोस्टातला कारकून जालिंदर, नाटकाचा नायक, हार्मोनियमची पेटी उचलायला दुसऱ्या एकाला हाक मारत होता.

बिराप्पा तडक गुरुजींपुढे जाऊन उभा राहिला. गुरुजींना घाम फुटला, पण ते मागे हटले नाहीत. ज्याच्या जिंकण्याची कुणालाच आशा नाही असा पोरगा जिंकतो, ते बघून राजकन्येचं मन त्याच्यावर बसतं, सगळं नाटक त्या एका डावावर उभं आहे, असं त्यांनी समजावलं. नाथाजी मध्ये पडले. त्यांच्या वेळी सांगलीला पडायला एकही पैलवान तयार झाला नव्हता. म्हणून कंपनीने पडद्याआड हलगी वाजवली होती आणि चोपदाराने बाहेर येऊन निकाल सांगितला होता. मग तसंच करा की, बिराप्पा म्हणाला. गुरुजींनी मान हलवली. राजकन्येने जे बघितलं ते लोकांनी बघितलं नाही तर तिचं प्रेम लोकांना कसं पटावं, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

बिराप्पाने नक्कल टेबलावर ठेवली आणि तो बाहेर पडला. आक्काताई मागोमाग आल्या. त्यांनी त्याला विनवलं नाही. तुमच्याशी लबाडी होऊ नये म्हणून मी सांगितलं, एवढंच म्हणाल्या. मग पायरीवर येऊन पुढचं बोलल्या.

"तुम्ही गेलात तर नाटक होणार नाही. आणि नाटक झालं नाही तर लोक तुमचं नाव घेणार नाहीत, माझं घेतील. या गावात परत कुणी बाईला उभं राहू देणार नाही."

त्या रात्री बिराप्पाच्या भाकऱ्या उरल्या. सकाळी मेहनत झाल्यावर तो वस्तादांच्या पुढ्यात बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. वस्ताद ऐकत राहिले. मग म्हणाले, "पाठ टेकायची ती हरल्यावर. न हरता टेकली की ती नुरा."

"नाटक हाय वस्ताद. समद्यास्नी ठावं असतंय."

"नुरा बी नाटकच असतं." वस्ताद उठले. "दिलेली माती मी माघारी मागनार न्हाई. पुढं येऊन बसनार हाय. तुझी पाठ लागली तर फलटनच्या मैदानात तुझं नाव द्यायचं न्हाई, आन ह्या दारात पाय ठिवायचा न्हाई."

फलटणच्या रामाच्या यात्रेतली कुस्ती महिन्यावर आली होती. पण बिराप्पाला फलटणचं एवढं वाटलं नाही. वाटलं ते चौदा वर्षांचं दार बंद होणार याचं. बाप केव्हाच वारला होता. मेंढरं विकली गेली होती. जायला दुसरी जागा नव्हती.

दोन दिवस तो नाटकाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला वाट सुचली आणि तो नक्कल मागायला गुरुजींकडे गेला. पडायचंच ना, मग पडू, पण कुशीवर. कुस्तीत कुशीवर पडलेला गडी हरलेला नसतो. दोन्ही खांदे मातीला लागल्याशिवाय निकाल नाही. गुरुजींना कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आपला बेत त्याने फक्त जालिंदरला सांगितला. नाटकाच्या तालमीत जालिंदरने त्याच्या मानेत हात घालून ढाकेचा डाव लावला, बिराप्पा स्वतःच उडाला आणि धप्पकन डाव्या कुशीवर पडला. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. नाटकही झालं आणि पाठही राहिली, म्हणून बिराप्पा त्या दिवशी तिघांचं जेवला.

भाऊबीजेला दोनपासूनच शाळेचं पटांगण फुलून गेलं. सांगलीहून आलेल्या पेटीतले कपडे कुणाला आखूड, कुणाला ढगळ होत होते. बिराप्पाने पडद्याच्या फटीतून बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की नाटक बघायला आलेली माणसं खुर्च्यांच्या दोनच रांगांत, आणि त्यामागं सगळं पटांगण पटकेवाल्यांनी भरलंय. ल्हासुर्ण्यापासून पुसेसावळीपर्यंतचे कुस्तीचे शौकीन आले होते. पहिल्या रांगेच्या पुढे, जमिनीवर, घोंगडी टाकून आकाराम वस्ताद बसले होते.

नाटक सुरू झालं. राजकन्या आली तेव्हा मागून कुणीतरी शीळ घातली. आक्काताईंचा आवाज पहिल्या वाक्याला थोडा कापला, दुसऱ्याला नाही. खुर्चीतल्या शाळाचालकांनी मागं वळून बघितलं. मग हलगी वाजली आणि बिराप्पा मातीत उतरला. त्याने सवयीने चिमूटभर माती कपाळाला लावली. तीन वाक्यं बिनचूक म्हटली. दुष्ट राजा झालेले गुरुजी सिंहासनावरून हात वर करून म्हणाले, होऊ द्या.

जालिंदरचे हात बर्फासारखे गार होते. दोन-तीन वेळा हाताला हात भिडून खडाखडी झाली, लोकांनी हाकारे घातले, आणि जालिंदरने ढाक लावली. बिराप्पा उडाला आणि ठरल्याप्रमाणे कुशीवर पडला. हलगी थांबली.

गुरुजी उठून निकाल सांगू लागले, आणि मागून आवाज आला, "पाठ न्हाई लागली."

आणखी पाच-पन्नास आवाज आले. शौकीन उठून उभे राहिले. कूस हाय, कूस. निकाल झाला न्हाई, चालू द्या. गुरुजींनी वाक्य पुन्हा म्हटलं, ते त्यांचं त्यांनाही ऐकू गेलं नाही. आक्काताई ठरल्याप्रमाणे आसनावरून उठल्या होत्या आणि जिंकणाऱ्याच्या गळ्यात घालायचा हार त्यांच्या हातात होता. त्या एक पाऊल पुढे आल्या तसा गोंगाट वाढला. बाईला घाई झालीया, असं कुणीतरी ओरडलं, आणि त्यापुढे जे बोललं गेलं त्यावर मागची एक बाजू खदखदून हसली. शाळाचालक खुर्चीतून उठले. विंगेत नाथाजींनी पडद्याच्या दोरीला हात घातला.

बिराप्पा एका कोपरावर टेकून हे सगळं बघत होता. आपली वाट किती शहाणपणाची, असं समजून चार दिवस आपण भाकऱ्या मोडल्या, आणि आपल्याच माणसांनी ती बंद केली. हे लोक कुशीला पाठ म्हणणार नव्हते. त्यांना तसं शिकवणारा माणूस चार हातांवर घोंगडीवर बसला होता. आक्काताई हार धरून तशाच उभ्या होत्या, मागे फिरल्या नव्हत्या.

तो उठला. त्याने अंगावरची माती झटकली नाही. जालिंदरशी हात मिळवताना तो त्याच्या कानाशी म्हणाला, "परत लाव. आन या बारीला सोडू नगंस, वर बस."

त्याने वस्तादांकडे बघितलं. वस्ताद त्याच्याकडेच बघत होते. मग जालिंदरचा हात मानेत आला आणि बिराप्पाने अंग सोडून दिलं. खांदे आधी लागले, मग सगळी पाठ. आवाज सगळ्या पटांगणाने ऐकला. त्याच्या छातीतला वारा निघून गेला आणि लाल माती पाठीला अशी गार लागली की त्याला क्षणभर काही सुचलं नाही. चौदा वर्षं तो याच मातीत होता, पण या बाजूने त्याला ती माहीत नव्हती.

मग पटांगण फुटलं. निम्मे जालिंदरच्या नावाने पटके उडवत होते, आणि बाकीचे एकच शब्द ओरडत होते. नुरा. नुरा केली. धनगराच्या पोरानं माती खाल्ली. एक चप्पल येऊन त्याच्या पायाशी पडली.

आता त्याला काही करायचं नव्हतं. हरलेला पैलवान मुका होतो, बेशुद्धासारखा पडून राहतो आणि चार शिपाई त्याला उचलून नेतात, एवढंच गुरुजींनी सांगितलं होतं. त्याने डोळे मिटले. उठून जालिंदरला एका हाताने डोक्यावर धरावं आणि या सगळ्यांची तोंडं बंद करावीत, असं त्याच्या अंगातली प्रत्येक शीर म्हणत होती. उठला तर त्याचं नाव वाचणार होतं आणि नाटक तिथंच संपणार होतं. तो पडून राहिला. कानांत गरम पाणी ओघळलं. ते घाम आहे असं लोक समजतील, असं त्याच्या मनात आलं.

मग गोंगाट एकदम ओसरला. कुणीतरी स्टेजच्या फळीवर चढलं होतं. डाव्या गुडघ्यातून कट्ट आवाज आला आणि बिराप्पाने पावलांवरूनच माणूस ओळखला. रस्त्यावर टाकलेला लंगोट सगळ्या गावाला आठवत होता. आता वस्ताद काय करतात, म्हणून लोक टाचा उंचावून बघू लागले. बिराप्पाने लाथेची वाट बघितली. ती त्यांनी मारली असती तर त्याचं काही म्हणणं नव्हतं.

पावलं डोक्याशी थांबली. चार शिपाई पुढे झाले होते, त्यांना वस्तादांनी हाताने थांबवलं. त्यांनी बिराप्पाचा चेहरा न्याहाळला. नुरा करणारा गडी पडल्या पडल्या हसतो, कुठंतरी बघून डोळा मारतो, हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. हा शिव्या खात, ओठ आवळून, गप्प पडला होता. मग ते गुडघ्यावर टेकले. जड, खरखरीत हात बिराप्पाच्या मानेखाली शिरला, दुसरा खांद्याखाली.

"पाय धरा रं दोघं," वस्ताद शिपायांना म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझा पैलवान हाय. सांभाळून."

मागून आक्काताईंचा आवाज सुरू झाला. जिंकलेल्या पोराला त्या त्याचं नाव विचारत होत्या, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं. बिराप्पाला राहवलं नाही. त्याच्या पापण्या हलल्या. तसे वस्ताद त्याला उचलता उचलता खाली वाकले, तोंड त्याच्या कानाशी आलं.

"डोळं उघडू नगंस," ते हळूच म्हणाले. "लोकं आजून बघत्यात."